नकाशावरचे क्वर्नबेक

फॅव्हरशम, केंट
६ मार्च २००५

मिस ॲग्नेस क्वर्नबेक यांस,

तुमची माझी ओळख नाही, पण आडनाव एकच आहे, आणि आपल्या बाबतीत ही साधी गोष्ट नव्हे. ब्रिटनभरच्या फोनच्या आणि मतदारांच्या याद्या मी चाळून काढल्या. क्वर्नबेक नावाची माणसं सगळी मिळून साठच्या आसपास निघाली. एखाद्या स्मिथला यातली गंमत सांगून कळणार नाही.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यावर भिंतीवर देशाचा नकाशा लावला आणि प्रत्येक क्वर्नबेकच्या घरावर एक टाचणी टोचली. टाचण्यांचे दोनच पुंजके झाले. एक आमचा, इथल्या खाडीकाठचा. दुसरा पार उत्तरेला, तुमच्या हार्टरडेल खोऱ्यातला. मधला सगळा देश मोकळा.

क्वर्न म्हणजे हातानं फिरवायचं जातं आणि बेक म्हणजे डोंगरातला ओढा. तुमच्या ओढ्याकाठी पूर्वी जात्यांचे दगड काढत असावेत, त्यावरून घराला नाव पडलं आणि घरावरून माणसांना. मला वाटतं, तिथलाच कोणीतरी दगडांबरोबर गलबतातून इकडे आला आणि राहिला. आम्ही खाडीवाले तुमच्यातूनच फुटलेले. पण मला वाटतं म्हणून ते खरं होत नाही.

आता त्यावर तोड निघाली आहे. कापसाची काडी गालाच्या आतून फिरवायची आणि प्रयोगशाळेत पाठवायची. बापाकडून मुलाकडे, त्याच्याकडून त्याच्या मुलाकडे रक्तातली एक खूण जशीच्या तशी उतरत जाते, अगदी आडनावासारखी. इकडून माझा भाऊ क्लाइव्ह आणि आणखी दोघांनी काड्या दिल्या आहेत. तुम्हाला दोन भाऊ आहेत असं कळलं. दोघांच्याही मिळाल्या तर फार उपकार होतील.

आपली नम्र,
हेस्टर क्वर्नबेक


हाय बेक, हार्टरडेल
२८ मार्च २००५

मिस हेस्टर,

बेक म्हणजे ओढा हे आम्हाला सांगायला केंटहून पत्र यावं, हे ऐकून एमॉस इतका हसला की त्याला कवळी काढून हातात धरावी लागली. एमॉस माझा थोरला भाऊ. ऐंशीचा झाला आहे, ऐकू कमी येतं आणि बोलतो त्याहून कमी, तेव्हा तुम्ही त्याला हसवलंत हे काही थोडं नव्हे. जात्याचं म्हणाल तर एक फुटकं जातं आमच्या दारात आहे. कुत्रा त्यातलं पाणी पितो.

लेनी आमचा धाकटा, माझ्याहून पुष्कळच धाकटा. सत्तेचाळीसच्या मोठ्या बर्फात झाला. खोऱ्याची वाट बंद होती, सुईणसुद्धा पोचली नाही. त्या वयात आईला मूल, म्हणून सगळ्यांना नवल वाटलं होतं. तो गडगे बांधतो. चुना नाही, माती नाही, नुसता दगडावर दगड, आणि शंभर वर्षं हलत नाहीत. गाडीवर ‘क्वर्नबेक आणि मुलगे’ असं मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं आहे. एमॉसचं लग्न झालं नाही, माझं झालं नाही. या खोऱ्यात नाव टिकलं ते लेनीच्या मुला-नातवंडांमुळे.

एमॉसची काडी घ्या. लेनीला गळ घालू नका, त्याला सवड नसते. एकाच घरातल्या दोघांची कशाला लागते?

ॲग्नेस क्वर्नबेक


फॅव्हरशम
१७ एप्रिल २००५

प्रिय मिस ॲग्नेस,

काल लेनींचा फोन आला! माझं पत्र त्यांनी तुमच्या टेबलावर वाचलं म्हणे. “मला का वगळता? एमॉसच्या आधी माझी घ्या, तो म्हातारा काडी चावून टाकेल,” असं म्हणाले. अर्धा तास बोलत होते. आपलं नाव मुळात कुठून आलं हे ते पोरवयापासून विचारत आलेत, पण घरात कोणी धड सांगत नाही, अशी तुमची तक्रारही केली. अशा माणसाला मी नाही कशी म्हणू? दोन काड्या पाठवल्या आहेत.

मी तुमच्याहून लहान आहे. मला ‘तू’ म्हणा ना.

हेस्टर


हाय बेक
२२ मे २००५

हेस्टर,

मेंढ्या व्यायचे दिवस होते म्हणून उशीर झाला. काड्या पाठवल्या आहेत. लेनीनं आरशासमोर उभं राहून गाल घासला आणि म्हणाला, “ॲगी, बघ, मी कुठल्या तरी सरदाराच्या घराण्यातला निघणार.” मी म्हटलं, “मेंढीच्या घराण्यातला निघालास तरी खूप.”

एक कर. जे काही उत्तर येईल ते आधी मला कळव. लेनीला नाही, एमॉसला नाही. का ते विचारू नकोस.

ॲग्नेस


फॅव्हरशम
११ सप्टेंबर २००५

प्रिय ॲग्नेस,

तुम्ही सांगितलंत म्हणून आधी तुम्हालाच लिहिते आहे.

एमॉसची खूण आमच्या तिघांशी अगदी हुबेहूब जुळली. आपण एक आहोत! इतक्या शतकांनी दोन पुंजक्यांमधली रेघ मला शाईनं काढता आली.

लेनींची जुळली नाही. आमच्याशी नाही आणि एमॉसशीही नाही. ती कुठल्या तरी आयरिश घराण्याची आहे. सख्ख्या भावांत असं होत नाही. म्हणजे दोघांचे वडील एक नव्हते, दुसरा अर्थ निघत नाही. तुमच्या आईबद्दल काही सुचवण्याचा अधिकार मला नाही, आणि मी लेनींना काहीही बोलणार नाही. पण तुम्हाला काही ठाऊक आहे का?

हेस्टर


हाय बेक
१९ सप्टेंबर २००५

हेस्टर,

काहीतरी गल्लत झाली असणार. त्या दिवशी स्वयंपाकघरात कोकरं होती, कुत्रा होता, दोन्ही काड्या एकाच टेबलावर पडल्या होत्या. लेनीची काडी हिशेबात धरू नकोस. तुला एमॉसची मिळाली, रेघ काढता आली, झालं. आता हे पुरे.

इकडे पाऊस लागला आहे, दुसऱ्या कापणीचं गवत कुजलं.

ॲग्नेस


फॅव्हरशम
२० नोव्हेंबर २००५

प्रिय ॲग्नेस,

सोबत ‘क्वर्नबेक वार्तापत्र’. आपल्या नावाच्या प्रत्येक घरी पाठवलं आहे. नकाशा पाहा, मधल्या पानावर आहे.

तुम्ही गल्लत म्हणालात म्हणून मी लेनींकडून दुसरी काडी मागवली. पहिली टपालात खराब झाली असं सांगितलं. त्यांनी लगेच पाठवली. उत्तर तेच आलं. गल्लत नव्हती, ॲग्नेस. म्हणून शेवटी मी एकच वाक्य लिहिलं आहे: ‘हार्टरडेलच्या दोन नमुन्यांपैकी एक मूळ वंशाशी जुळतो, दुसरा दोनदा तपासूनही वेगळा निघाला.’ नको असलेलं उत्तर गाळलं तर बाकीच्यावर तरी कोण विश्वास ठेवील? नावं घातलेली नाहीत, तेव्हा कोणाला कळायचं कारण नाही. रागावू नका.

हेस्टर


हाय बेक
११ डिसेंबर २००५

मिस क्वर्नबेक,

नावं घातली नाहीत म्हणता. हार्टरडेलचे दोन नमुने. इथे काडी दोघांनीच दिली हे पोस्टमनपासून पाद्र्यापर्यंत सगळ्यांना माहीत आहे, कारण लेनीनंच दारूच्या गुत्त्यात उभं राहून सगळ्यांना सांगितलं होतं. आणि खराब झाली म्हणून पुन्हा काडी कोणाकडे मागितली होती, हेही लेनीला ठाऊक आहे.

तो दुपारी आला. मी बटाटे सोलत होते, एमॉस चुलीपाशी होता. लेनीनं ते पान टेबलावर ठेवलं.

“एक एमॉसचा, एक माझा. दोनदा तपासला तो माझा. मला एवढं गणित येतं, ॲगी.”

मी म्हटलं, “प्रयोगशाळेतली पोरं काहीही लिहितात.”

“मी फोन केला होता त्या बाईला. ती रडायला लागली. चूक झाली असती तर रडली असती का?”

तुम्ही त्याच्याशी बोललात हेही मला त्याच्याच तोंडून कळलं.

मग तो म्हणाला, “म्हणजे बाबा वर डोंगरावर मेंढ्या राखत होते आणि आपली आई खाली...” पुढचा शब्द त्यानं उच्चारला. आमच्या घरात तो शब्द कोणी काढलेला नव्हता. मी बटाटे सोलत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यानं गाडीवरचं नाव काळ्या रंगानं पुसून टाकलं. दर रविवारी आईच्या थडग्यावर जायचा, ते सोडलं. त्याची बायको म्हणते, तो कोणाशी बोलत नाही, नातवालासुद्धा मांडीवर घेत नाही.

आता पत्र लिहू नका.

ॲग्नेस क्वर्नबेक


फॅव्हरशम
१५ डिसेंबर २००५

प्रिय मिस ॲग्नेस,

लिहू नका म्हणालात तरी लिहिते आहे. तुम्ही मला थांब म्हणालात आणि मी थांबले नाही. शास्त्राचं कारण पुढे केलं, पण खरं सांगायचं तर माझा नकाशा पुरा व्हावा, त्यात कुठे शंका राहू नये, एवढंच मला हवं होतं. एका माणसाच्या आईपेक्षा मला ती रेघ मोठी वाटली. लेनींशी खोटं बोलून दुसरी काडी मागवली त्याला तर काही नावच नाही.

फोनवर ते ओरडले नाहीत. “ठीक आहे, बाई,” एवढंच म्हणाले. ते ‘ठीक आहे’ कानातून जात नाही.

वार्तापत्र परत मागवता येत नाही. माफीचं पत्र छापू का? की त्यानं आणखी बोभाटा होईल? तुम्ही सांगाल ते करीन. तिकडे यायलाही तयार आहे.

हेस्टर


फॅव्हरशम
२९ जानेवारी २००६

प्रिय मिस ॲग्नेस,

तुमचं उत्तर नाही, आणि ते मागायचा मला हक्कही नाही. तुमच्या केंडलकडे बर्फ पडल्याचं बातम्यांत पाहिलं. सगळे बरे आहात एवढं एका ओळीत कळवाल का?

हेस्टर


हाय बेक
१९ मार्च २००६

हेस्टर,

दोन्ही पत्रं पोचली. सगळा दोष तू आपल्या अंगावर घेतलास आणि मी तो हिवाळाभर तुला घेऊ दिला. तू छापलंस ते चुकलंच. त्यात मी काही कमी करत नाही. पण माझ्याकडे याहून मोठं आहे.

लेनीची आई मी आहे.

मी सतरा वर्षांची होते. बाबांनी केंडलच्या बाजारातून गवत कापायला एक माणूस हंगामापुरता आणला. आयर्लंडचा, मेयोचा. फिंटन डर्कन. शीळ घालायचा आणि घातलेल्या शिळेवर स्वतःच हसायचा. हंगाम संपला, तो गेला. त्यानंतर माझं मला कळलं. मग ते बर्फ पडलं, दारं बुजेपर्यंत. बाबा मला म्हणाले, “वाट मोकळी होईल तेव्हा या घरात तुझ्या आईला मूल झालेलं असेल.” वाट मोकळी झाली आणि लोकांनी तसंच पाहिलं. आईनं माझं नाव झाकायला आपलं नाव पुढे केलं. आयुष्यभर एकदाही मला त्यावरून टोचून बोलली नाही.

आणि त्या बाईला लेनीनं जे म्हटलं ते मी ऐकून घेतलं. एक दिवस नाही, सगळा हिवाळा. तो दर आठवड्याला यायचा, तिच्याबद्दल वाईटसाईट बोलायचा आणि मी त्याच्या कपात चहा ओतायचे. रोज ठरवायचे की आज सांगू. तो दारात दिसला की वाटायचं, आता मला ॲगी म्हणतो, उद्या काय म्हणेल?

एमॉसला सगळं ठाऊक होतं. बाबांना शब्द दिला म्हणून तो कधी बोलला नाही. गेल्या सोमवारी मला म्हणाला, “मी सांगितलं तर ती चुगली होईल. तू सांग. आणि उद्याच सांग.”

लेनी वरच्या कुरणात पडका गडगा उभा करत होता. मी चढून गेले. त्यानं विचारलं, “एमॉसला काही झालं का?”

“नाही. लेनी, तुझी आई तसली नव्हती.”

“ते प्रयोगशाळेला सांग.”

“ती तुझी आईच नव्हती. मी आहे.”

त्याच्या हातात दगड होता. त्यानं तो फिरवून पाहिला, बसवला, मग काढला आणि पुन्हा बसवला. मला वाटलं, त्याला ऐकू आलं नाही.

“कोणाकोणाला माहीत आहे?”

“एमॉसला.”

“म्हणजे घरात मला सोडून सगळ्यांना.”

मी फिंटनचं सांगितलं, बर्फाचं सांगितलं. तो ऐकत होता, पण माझ्याकडे बघत नव्हता. शेवटी म्हणाला, “मी तिला इतक्या शिव्या दिल्या. तू समोर बसली होतीस, ॲगी. तू बिस्किटं पुढे करत होतीस.”

“हो.”

“काय बाई आहेस तू?”

मी पायाशी पडलेला एक दगड उचलून त्याच्याकडे दिला.

तो बसवून त्यानं विचारलं, “नाव तरी माझं आहे का?”

“आहे. बापाकडून नाही आलं, माझ्याकडून आलं. मीही क्वर्नबेकच आहे.”

“वारा सुटलाय, घरी जा,” म्हणाला. गाडीत बस म्हणाला नाही. मी चालत निघाले. ओढ्यापर्यंत आले तेव्हा मागून गाडीचा आवाज आला. तो पुढे गेला नाही. माझ्या मागे, माझ्या चालीनं, फाटकापर्यंत गाडी चालवत आला. मी आत शिरल्यावर वळला आणि गेला.

त्यानंतर आलेला नाही. आणि हेस्टर, एक त्यालाही सांगितलं नाही, तुला सांगते. पुढच्या जूनमध्ये फिंटन पुन्हा काम मागायला आला होता. बाबांनी त्याला अंगणातूनच परत पाठवलं. मी वर खिडकीत होते, लेनी छातीशी. काचेवर नुसतं बोट वाजवलं असतं तरी त्यानं वर पाहिलं असतं. बाबा बघतील म्हणून मी नाही वाजवलं.

ॲग्नेस


लोअर मिल, हार्टरडेल
२३ एप्रिल २००६

मिस क्वर्नबेक,

मला पत्रं लिहायची सवय नाही. पहिली काडी टपालात खराब झाली असं तुम्ही मला म्हणालात ते खोटं होतं. ते मी विसरणार नाही. पण एमॉस म्हणतो, माणसं हुडकण्यात तुमच्यासारखं कोणी नाही, आणि एमॉस उगाच कोणाला चांगलं म्हणत नाही.

फिंटन डर्कन. मेयो. शेहेचाळीस साली हाय बेकला गवत कापायला होता. असला तर ऐंशीच्या घरात असेल. बघा जमलं तर.

मुलांनी गाडीवर नाव पुन्हा रंगवलं. मी नको म्हणालो नाही. आता रविवारी हाय बेकला जेवायला जातो. ॲगीला आई म्हणायला जीभ वळत नाही. तीही मागत नाही. परवा तिनं माझ्या ताटात मटणाचा मोठा तुकडा वाढला आणि मी उठून बाहेर गेलो. का ते मला सांगता येणार नाही.

लिओनार्ड (लेनी) क्वर्नबेक


फॅव्हरशम
१ मे २००६

प्रिय ॲग्नेस,

तुमचं मार्चचं पत्र मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही. उत्तर लिहायला बसायचे आणि फाडून टाकायचे. मी ज्यांना नकाशावरची दुसरी टाचणी समजत होते त्या तुम्ही सगळा हिवाळा काय सोसत होतात, ते मला कळलंच नाही. तुमच्या आईवर मीच पहिल्यांदा संशय घेतला होता. त्यांची माफी कोणाकडे मागायची?

लेनींनी मला डर्कन यांचा शोध घ्यायला सांगितलं आहे. त्यांना त्याचा पुरा हक्क आहे. पण तुमच्या घरातली गोष्ट तुमच्या मनाविरुद्ध मी एकदा उकरली. आता तुम्ही हो म्हटल्याशिवाय एक फोनसुद्धा करणार नाही. आपलं नाव शोधायला सोपं होतं, माणसंच मूठभर. मेयोत डर्कन गल्लोगल्ली आहेत. वेळ लागेल, आणि जे सापडेल ते सुखाचं असेलच असं नाही.

तुम्ही नको म्हणालात तर लेनींना मी सांगेन की मला जमत नाही. नाही, तसं सांगणार नाही. पुन्हा खोटं नको. तुम्हाला ते नको आहे असंच सांगेन.

हेस्टर


हाय बेक
४ जून २००६

हेस्टर,

शोध.

महिनाभर लागला मला हा शब्द लिहायला. लेनीला मी खिडकीचं सांगितलं, मगच लिहायला बसले. तो उठला आणि भांडी विसळायला लागला. त्याला विसळता येत नाहीत, दोन बशा फुटल्या. जाताना दारात थांबून म्हणाला, “ॲगी, तू तेव्हा सतरा वर्षांची होतीस.” हे माफ केल्यासारखं होतं की नुसतं हिशेबासारखं, ते मी त्याला विचारलं नाही. मला माफी मिळाली असं धरून चालणार नाही.

आईच्या थडग्यावर आम्ही अजून बरोबर जात नाही. तो सकाळी जातो, मी दुपारी.

जे काही सापडेल ते लेनीला कळव, ते त्याचं आहे. फिंटन मेला असेल तर कुठे पुरला ते विचार. बायकोमुलं असतील तर त्यांच्या घरात पाय ठेवू नकोस, आधी दारातून बघ. जिवंत असेल तर त्याला तू काही सांगू नकोस, नुसता पत्ता मला पाठव. लिहायचं ते मी लिहीन. काय लिहायचं ते अजून सुचलेलं नाही. पहिली ओळ तेवढी झाली आहे: तू पुन्हा आलास त्या दिवशी मी घरात होते.

ॲग्नेस